डबीतला नायक्विस्ट

माइक तोंडाजवळ धरून दमदार सा लावला, तर त्या माइकमधून नेमकी किती वीज बाहेर पडते? जगभरच्या स्टेजवर दिसणारा शुअरचा एसएम५८ घ्या. ९४ डेसिबलचा आवाज, म्हणजे चांगला खणखणीत, त्याच्या जाळीवर आदळला की आतल्या वेटोळ्यात तयार होतात जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलचा दीड व्होल्ट याच्या आठशेपट भरतो. आणि हा झाला खणखणीत आवाज! हातभर अंतरावर वाजणाऱ्या तंबोऱ्याच्या वाट्याला याचाही अगदी लहानसा अंश येतो.

एवढ्याशा विजेत गाणाऱ्याचा श्वास असतो, जवारीची झणझण असते, शब्दाच्या शेवटी घेतलेली मुरकी असते. ती सगळी न सांडता लॅपटॉपमध्ये किंवा फोनमध्ये पोचवायची, हे काम करते ऑडिओ इंटरफेस नावाची डबी. काही हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत तिच्या किमती जातात. मग नेमकी कुठली घ्यायची? त्यासाठी आत काय चालतं ते पाहू. आत जे चालतं ते थक्क करणारं आहे.

पहिलं काम आवाज मोठा करण्याचं. ते करतो डबीतला प्रीअँप, आणि किती मोठा केला ते सांगतो ‘गेन’. ६० डेसिबल गेन म्हणजे हजारपट! पण हजारपट मोठं करताना नको ते सगळंही हजारपट मोठं होतं. त्यातलं सगळ्यात चिवट नको-ते कुठून येतं माहीत आहे? स्वतः तारेतून. कुठलीही तार घ्या. बॅटरी जोडू नका, काही नका करू, नुसती टेबलावर ठेवा. तिच्या दोन टोकांमध्ये तरीही इवलासा व्होल्टेज थरथरत असतो, कारण ती गार नाही. खोलीच्या उष्णतेने तिच्यातले इलेक्ट्रॉन सतत धावपळ करत असतात. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सनने ही थरथर मोजली. टेलिफोन कंपनीतच काम करणाऱ्या हॅरी नायक्विस्टने ती का होते आणि किती होते याचं गणित मांडलं. दोघेही स्वीडनमध्ये जन्मलेले, दोघांचे निबंध १९२८ साली छापले गेले. गणित इतकं साधं की त्यात पदार्थाचं नावच नाही. तांबं असो, कोळसा असो, फक्त तापमान, रोध आणि किती रुंद पट्ट्यातला आवाज ऐकायचा, एवढं सांगा. उत्तर तयार.

१५० ओहमचा माइक, २० अंश तापमान, माणसाला ऐकू येणारा सगळा पट्टा. उत्तर येतं ०.२२ मायक्रोव्होल्ट. ध्वनिमुद्रणाच्या हिशेबात उणे १३१ डीबीयू. याहून शांत प्रीअँप कितीही पैसे ओतले तरी तुम्हाला उपयोगाचा नाही, कारण खुद्द माइकच एवढा खसखसतो.

आता आपल्या डबीच्या माहितीपत्रकात ‘ईआयएन’ असा आकडा शोधा. माइकएवढा रोध जोडल्यावर प्रीअँपमधून एकूण किती खसखस येते, ते हा आकडा सांगतो. घरगुती वापराच्या बऱ्याच चांगल्या डब्यांवर तो उणे १२७ ते १२९ असतो. पुन्हा वाचा. निसर्गाने आखलेल्या रेषेपासून फक्त दोन-चार डेसिबल दूर, आणि तेही आपल्या आवाक्यातल्या किमतीत! (काही कंपन्या कानाच्या कलानुसार वजन लावून मोजतात, तेव्हा आकडा दोनेक डेसिबलने देखणा दिसतो. दोन डब्या ताडून पाहताना मोजायची पद्धत एकच आहे ना, एवढं बघा.) म्हणून या बाबतीत दहापट पैसे मोजून दहापट शांतता मिळत नाही. तेवढी शांतता शिल्लकच नाही. पाहायचं ते वेगळं. कमाल गेन किती? एसएम५८सारख्या डायनॅमिक माइकवर हळू बोलणार असाल, पॉडकास्ट करणार असाल, तर ६० डेसिबलच्या आसपास हवाच. पन्नासवर थांबणाऱ्या डब्या बाजारात आहेत, आणि तिथे मंद आवाजाची पंचाईत होते.

माइकच्या वायरला तीन पिना का असतात, हेही या निमित्ताने सांगून टाकतो. एक पिन जमिनीची. उरलेल्या दोन तारांवर एकच आवाज जातो, पण एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. वाटेत घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण दोघींवर सारखीच बसते. डबी दोन्हींतला फरक घेते. आवाज दुप्पट होतो आणि गुणगुण स्वतःलाच खोडून टाकते! त्याच दोन तारांवरून उलट दिशेने, बाहेरून वीज लागणाऱ्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टही पुरवले जातात. अठ्ठेचाळीसच का, पन्नास का नाहीत? १९६६ साली न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओला नवे ट्रान्झिस्टरवाले माइक दिले. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तीच माइकला जोडली. त्या दिव्यांचा आकडा आज पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरातल्या डबीवर बटण होऊन बसला आहे. आणि डबीला यूएसबीतून मिळतात फक्त ५ व्होल्ट. ४८ ती स्वतः आत बनवते.

आता खरी गंमत. लहर अखंड आहे आणि कॉम्प्युटरला फक्त आकडे कळतात. डबी लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा किंवा ४८,००० वेळा मोजते. मग दोन मोजण्यांच्या मधलं काय? ते हरवत असणार, नाही का? नाही! लहरीत असलेल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं, तर मधली सगळी वळणं त्या आकड्यांतून जशीच्या तशी उभी करता येतात. जवळपास नव्हे, तंतोतंत. कारण त्या ठिपक्यांतून जाणारी, त्या मर्यादेत राहणारी लहर एकच असू शकते. माणसाचा कान २०,००० हर्ट्झपाशी थांबतो, त्याची दुप्पट ४०,०००, वर थोडी ऐसपैस जागा. झालं काम. हे नीट सिद्ध केलं क्लॉड शॅननने १९४९ मध्ये, पण त्याचा पाया कुणी घातला? तारायंत्राच्या तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त किती ठोके पाठवता येतील, हे शोधणाऱ्या एका निबंधाने. लेखक हॅरी नायक्विस्ट. साल पुन्हा १९२८! आवाज किती हळू असू शकतो आणि तो किती वेळा मोजायचा, या दोन्ही सीमा एकाच माणसाने एकाच वर्षी आखल्या, आणि त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे होत्या टेलिफोन आणि तारायंत्राच्या तारा.

म्हणून खोक्यावरच्या १९२ किलोहर्ट्झच्या मोठ्या अक्षरांना भुलू नका. गायन-वादनाला ४८ पुरतं.

मोजणी होते कशी, ते तर आणखी अफाट आहे. डबीवर लिहिलेले २४ बिट म्हणजे लहरीची उंची मोजायला एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त पायऱ्या. एवढ्या बारीक पायऱ्यांची पट्टी चिपमध्ये बसवणं महाकठीण. मग चिप पट्टी वापरतच नाही. दुधाचा रोजचा हिशेब ३३ रुपये ४० पैसे आहे आणि तुमच्याकडे फक्त दहाच्या नोटा आहेत, असं समजा. आज तीस द्या, उरलेले वहीत मांडा. उद्या पुन्हा तीस. बाकी दहावर गेली की त्या दिवशी चाळीस. महिनाअखेर सरासरी काढा, ३३.४० च्या अगदी जवळ येते! चिप हेच करते. तिच्याकडे नोटा असतात दोन-चारच प्रकारच्या, कधी तर एकच बिट, पण ती सेकंदाला तीसेक लाख वेळा देते आणि प्रत्येक वेळची बाकी पुढे ओढते. या पद्धतीला डेल्टा-सिग्मा म्हणतात. प्रत्येक पायरीला चूक करायची, ती चूक विसरायची नाही, आणि त्यातून अचूकता काढायची, ही मला अभियांत्रिकीतल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

त्या २४ बिटांतले शेवटचे चार-पाच खसखशीखाली बुडालेलेच असतात. तरी उरतात ते इतके की रेकॉर्डिंग करताना पातळी वरच्या टोकापर्यंत ताणायची गरज नाही. तबल्याची ‘ना’ क्षणार्धात उसळते. बारा-पंधरा डेसिबल जागा मोकळी ठेवा, काही बिघडत नाही.

हेडफोनमधून स्वतःचा आवाज उशिरा येण्याची तक्रार मात्र खरी आहे. कॉम्प्युटर आकडे एकेक करून घेत नाही, घोळक्याने घेतो. १२८ आकड्यांचा घोळका ४८,००० च्या गतीने भरायला २.७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज सुमारे तीन फूट जातो, म्हणजे बैठकीत गायक आणि तबलजी यांच्यात असतं साधारण तेवढं अंतर. जाणं-येणं आणि बाकीची कामं धरून हे आठ-दहा मिलिसेकंदांवर गेलं तरी निभतं. घोळका १,०२४ चा केला, तर एकट्या भरण्यालाच २१ मिलिसेकंद, सात मीटर! त्या अंतरावरून स्वतःलाच साथ करून बघा. म्हणून डबीवर डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय हवी. तिथे आवाज कॉम्प्युटरला न विचारता थेट कानाशी येतो. विंडोज वापरत असाल तर हा उशीर कमी ठेवणारा, कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (डबी आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम) आहे का, हे खात्रीने विचारा. माझ्या मते किमतीतला सर्वांत मोलाचा भाग तोच, आणि खोक्यावर तो दिसत नाही.

फोनवर रेकॉर्डिंग करायचं तर ‘क्लास कंप्लायंट’ डबी घ्या, म्हणजे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आयफोनलाही २०२३ पासून यूएसबी-सी आहे, त्यामुळे जोडणं सोपं झालं. अडचण येते ती विजेची. ४८ व्होल्ट सुरू केले की फोन कधीकधी हात वर करतो. वीज घेण्यासाठी वेगळं तोंड असलेली डबी असेल तर पॉवर बँक लावून मोकळे व्हा.

किती माइक लागतील ते आधी मोजा. एकट्या गाणाऱ्याला दोन तोंडं पुरतात, एक गळ्याला आणि एक इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला. पेटी आणि तबला-डग्गा आला की आणखी तीन, कारण तबला आणि डग्ग्याला वेगवेगळा माइक लावला तर नंतर तोल साधता येतो.

आणि हा शेवटचा हिशेब करून पाहा. उणे १२८ ची डबी आणि एसएम५८ जोडले, तर एकूण खसखस खोलीतल्या सुमारे १८ डेसिबल आवाजाएवढी पडते. रात्री पंखा बंद केलेली झोपायची खोलीदेखील सहसा पंचवीस-तीसच्या खाली जात नाही, आणि पंखा लावला की चाळीस सहज ओलांडते. म्हणून बऱ्यापैकी डबी घेतल्यावर उरलेले पैसे महागड्या डबीत घालू नका. चांगला माइक घ्या, खिडकीला जाड पडदे लावा, मागच्या भिंतीवर गोधड्या टांगा, आणि रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवा.