पाव टक्का महागाई : कोणत्या बाजारात?

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्के होती, असं सरकारी आकडेवारी सांगते. पाव टक्का! २०१२ हे आधारवर्ष धरून चाललेल्या मालिकेतला हा नीचांक. बातमी आली आणि अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या नगरच्या, आडतेबाजारापासून सुप्याच्या चहाच्या टपरीपर्यंत एकच प्रश्न : "ही माणसं कोणत्या बाजारात जातात हो?" दर महिन्याच्या बारा तारखेच्या आसपास आकडा जाहीर होतो आणि हा प्रश्न पुन्हा ऐकू येतो. किराणा दुकानात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत तर हमखास. पुढचं वाक्यही ठरलेलं : "आकडे खोटे आहेत. दिल्लीत बसून वाट्टेल ते छापतात."

यातली घरखर्च भागत नाही ही तक्रार खरी आहे. आकडे खोटे असल्याचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्या चुकीमुळे खऱ्या तक्रारीचीच धार जाते. म्हणून तो आधी निकालात काढू.

गैरसमज : महागाई घटली म्हणजे भाव उतरले. भाव तर उतरले नाहीत, म्हणजे आकडा खोटा.

महागाईचा दर म्हणजे भाव नव्हे. गेल्या वर्षी याच महिन्यात जे भाव होते, त्यांच्यात सरासरी किती टक्के फरक पडला, एवढंच तो सांगतो. तो घटला तरी भाव चढतच असतात, फक्त आधीपेक्षा हळू. शून्याच्या खाली गेला, तरच सरासरी भाव उतरले असं म्हणता येतं.

आता ज्याला आपण खोटं म्हणतो, तो दर ज्यावरून काढतात तो भावांचा निर्देशांक नीट वाचू. २०१२ साली ज्या मालाला १०० रुपये पडत होते, त्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये साधारण १९६ रुपये ८० पैसे पडले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये १९७ रुपये ३० पैसे. पाव टक्का तो हा : शेवटच्या वर्षात पडलेली पन्नास पैशांची भर. पण त्याआधीचे ९७ रुपये कुठे गेले? कुठेच नाही, ते तुमच्याच खिशातून गेले आणि सरकारी तक्त्यात त्यांची नोंद आहे. "सगळं दुप्पट झालं" असं म्हणणारी नगरच्या सावेडीतली गृहिणी आणि दिल्लीतलं सांख्यिकी मंत्रालय एकच गोष्ट सांगत आहेत. ती तेरा वर्षांचं बोलते, मंत्रालय बारा महिन्यांचं.

भाजीचा हिशेब याहून बोलका आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरापूर्वीपेक्षा ४२.१८ टक्क्यांनी महाग होत्या. पुढच्या ऑक्टोबरात त्या वर्षभरापूर्वीपेक्षा २७.५७ टक्क्यांनी स्वस्त झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नगरच्या चितळे रोडवर १०० रुपयांत भरलेली पिशवी या सरासरीने चालली असं धरा. वर्षाने ती १४२ रुपयांची झाली, आणखी वर्षाने १०३ रुपयांची. म्हणजे '२७ टक्के स्वस्ताई' झाल्यावरही पिशवी दोन वर्षांपूर्वीपेक्षा तीन रुपयांनी महागच. आधीच्या वर्षी भाव आभाळाला टेकले होते, म्हणून पुढच्या वर्षीचे खाली दिसले. अर्थशास्त्रात याला आधार-परिणाम (बेस इफेक्ट) म्हणतात. आकडा पाव टक्क्यावर आला तो बराचसा या परिणामामुळे आणि अन्नधान्य-भाज्यांच्या घसरणीमुळे. सप्टेंबरच्या अखेरीस जीएसटीचे दर घटले, त्याचीही थोडी मदत झाली.

आकड्यांनी महागाई दडवली म्हणावं, तर त्याच महिन्यातले पोटगट पाहा. खाद्यतेलं आणि स्निग्ध पदार्थ ११ टक्क्यांनी महागले होते. सोनं-चांदी ज्या गटात येतात, त्या वैयक्तिक वापराच्या वस्तूंचा गट जवळपास २४ टक्क्यांनी वर होता. तेलाचा डबा महागल्याचं कुणी लपवलं नव्हतं. आपण फक्त मथळा वाचला आणि तक्ता उघडला नाही.

गैरसमज : माझा खर्च जितका वाढला, तितकीच महागाई.

निर्देशांक कुणा एका घराचा नसतो. देशभरातल्या घरांचा खर्च एकत्र करून काढलेल्या सरासरी टोपलीचा तो भाव असतो आणि टोपलीतल्या प्रत्येक वस्तूला तिचा भार ठरलेला असतो. २०१२ च्या मालिकेत अन्न आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता, संपूर्ण शिक्षणाचा ४.४६, आरोग्याचा ५.८९ आणि ज्याच्यासाठी सरकारं हलतात त्या कांद्याचा अवघा ०.६४.

समजा, नगर शहरातल्या एका घराचा महिन्याचा खर्च १५,००० रुपये आहे. कांद्याच्या भारानुसार त्यातले ९६ रुपये कांद्यावर जातात. कांदा दुप्पट झाला तर ९६ रुपये जादा लागतील, आणि त्यावर महिनाभर चर्चा होईल. त्याच घरात मुलीची शाळा आणि क्लास मिळून महिन्याला २,००० रुपये जात असतील आणि फी १२ टक्क्यांनी वाढली, तर २४० रुपये जादा जातात. कांद्याच्या अडीचपट! पण फी वर्षातून एकदा वाढते आणि कांदा दर आठवड्याला घ्यावा लागतो, म्हणून डोक्यात कांदाच राहतो.

या घरात शिक्षणावर सरासरीच्या तिप्पट खर्च होतो आहे. फी वाढली की त्यांची महागाई सरकारी आकड्याच्या वर जाणार, हे उघड आहे. अकोले तालुक्यातल्या आदिवासी वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं पाठवणाऱ्या घराला ही फीवाढ लागतच नाही. तिथे तेल-डाळीचे भाव चढले की चटका बसतो. दोन्ही घरं एकाच जिल्ह्यातली आहेत, महागाई मात्र दोघांची वेगळी. शिवाय जिल्ह्याचा म्हणून वेगळा आकडा प्रसिद्ध होत नाही. राज्याचा होतो. 'अहिल्यानगरची महागाई इतकी' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तो आकडा आणला कुठून, हे आधी विचारा.

स्मरणशक्तीवर तर विसंबूच नये. वाढलेला भाव आपण चारचौघांत सांगतो, उतरलेला भाव गुपचूप पिशवीत टाकतो. रिझर्व्ह बँक मुंबई-नागपूरसह १९ शहरांतल्या कुटुंबांना नियमित विचारते की तुम्हाला महागाई किती वाटते. नोव्हेंबर २०२५ मध्ये उत्तर आलं ६.६ टक्के. त्या महिन्याचा सरकारी आकडा होता ०.७१. उत्तर देणारे खोटं बोलत नव्हते. रोज हाताळाव्या लागणाऱ्या चार वस्तूंवरून त्यांनी अंदाज बांधला, आणि आपण सगळेच तसा बांधतो.

मग टीकाकारांचं काहीच खरं नाही का?

आहे, आणि ते सांगितलं नाही तर हा लेख सरकारी पत्रक होईल.

पहिली गोष्ट जुन्या भारांची. २०१२ च्या मालिकेचे भार २०११-१२ च्या खर्चपाहणीवर बेतलेले होते. तेव्हा ग्रामीण घराचा सुमारे ५३ टक्के खर्च खाण्यावर होई. २०२३-२४ च्या पाहणीत तो ४७ टक्क्यांवर आला. तरीही निर्देशांक जुनेच भार घेऊन चालत राहिला. त्यामुळे अन्न स्वस्त झालं की तो जरा जास्तच खाली जायचा आणि महागलं की जास्तच वर. पाव टक्क्याच्या आकड्यातही हा दोष होता. फेब्रुवारी २०२६ पासून २०२४ हे आधारवर्ष धरून नवी मालिका आली आणि अन्नाचा भार ४६ वरून ३७ टक्क्यांच्या आसपास आला. सुधारणा योग्य आहे, पण एका तपाहून जास्त काळ जुन्या भारांवर काढल्यावर झाली.

दुसरी गोष्ट घरभाड्याची. जुन्या मालिकेत ग्रामीण भागात घरभाडं धरलंच जात नव्हतं. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला येऊन जवळपासच्या गावात खोली घेणाऱ्या कामगाराला भाडं दरमहा मोजावं लागतं, पण ग्रामीण निर्देशांकाच्या लेखी ते शून्य होतं. नव्या मालिकेत ते आलं आहे.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याला सर्वांत जास्त लागू आहे. हा निर्देशांक ग्राहकाचा आहे. खत, पेंड, फवारणी, शेतमजुरी त्यात नसते, कारण तो उत्पादनाचा खर्च धरला जातो. जागा आणि घराची खरेदीही त्यात येत नाही. नगरचा शेतकरी मात्र एकाच खिशातून पेंडही आणतो आणि पोरांची फीही भरतो. वर ज्या भाज्यांच्या घसरणीने महागाई पाव टक्क्यावर आणली, त्यात नेप्तीच्या आणि घोडेगावच्या लिलावात उतरलेला कांदाही होता. शहरातल्या ग्राहकाची बचत झाली ती पारनेर-नेवाशाच्या शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे लिलावानंतर त्याच्या हाती पडणाऱ्या रकमेतून. अशा माणसाला "महागाई कमी झाली, अभिनंदन" म्हणणारा पुढारी आकडा खोटा सांगत नसतो, फक्त चुकीच्या माणसाला सांगत असतो.

आकड्यांवर संशय घेऊच नये, असंही नाही. १९६३ मध्ये मुंबईच्या कामगार संघटनांनी महागाई निर्देशांक कमी दाखवला जातो म्हणून आंदोलन केलं, कारण महागाई भत्ता त्याच्याशी बांधलेला होता. राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने दोष दाखवले आणि निर्देशांक दुरुस्त करावा लागला. त्या संघटना "सगळं खोटं" म्हणून थांबल्या नाहीत. कुठे चुकलं ते त्यांनी दाखवलं, म्हणून जिंकल्या.

किरकोळ गैरसमज, एकेका ओळीत

"दिल्लीत बसून भाव ठरवतात." जुन्या मालिकेसाठीसुद्धा १,१८१ गावांत आणि ३१० शहरांतल्या १,११४ बाजारांत प्रत्यक्ष भाव नोंदवले जात.

"पेट्रोल आणि गॅस धरतच नाहीत." दोन्ही धरतात : पेट्रोल वाहतुकीत, सिलिंडर इंधनात.

"घाऊक महागाई उणे आली, म्हणजे दुकानातही स्वस्ताई हवी." घाऊक निर्देशांक वेगळा, त्यात शाळेची फी नाही, डॉक्टर नाही, एसटीचं तिकीटही नाही.

"पाच रुपयांचा पुडा लहान केला, ते आकड्यात येत नाही." भाव ठरलेल्या वजनाचा नोंदवतात, पुडा लहान झाला म्हणजे भाव वाढला.

"महागाई शून्यावर आली तर उत्तमच." रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट शून्य नसून ४ टक्के आहे, दोन टक्के वर किंवा खाली; शून्याजवळची महागाई अनेकदा कुणाचा तरी माल मातीमोल झाल्याची खूण असते.

तेव्हा आकडा खोटा नाही. तो एका मर्यादित प्रश्नाचं उत्तर देतो, आणि पोट भरतं की नाही हा त्याचा प्रश्नच नाही. तुमच्या घराची महागाई हवी असेल तर वही काढा : किराणा, दूध, भाजी, फी, दवाखाना, भाडं, पेट्रोल. यंदाचा ऑक्टोबर मागच्या ऑक्टोबरशी ताडून पाहा, मागच्या महिन्याशी नको. आणि पुढच्या वेळी कुणी पाव टक्क्याची फुशारकी मारली, तर "आकडे खोटे" म्हणून त्याला सुटू देऊ नका. त्याला विचारा : भाव दुप्पट झाले हे तुमचाच निर्देशांक सांगतो, मग माझी मजुरी, माझा पगार आणि माझ्या कांद्याची पट्टी या तेरा वर्षांत दुप्पट झाली का? या प्रश्नाचं उत्तर महागाईच्या आकड्यात नाही. ते उत्पन्नाच्या आकड्यात आहे, आणि जाब त्याचाच मागायला हवा.