घरातील बुरशीचे निर्मूलन आणि ओझोन प्रक्रिया : अंतरवाली सराटी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ मधील मराठा आरक्षण आंदोलनामुळे राज्यभर परिचित झाले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या परिसरातील कोणत्याही गावात पावसाळा सरताना आढळणारा आणि त्यामानाने दुर्लक्षित राहिलेला आहे. मातीच्या भिंती व माळवदे असोत, पत्र्याची छते असोत वा अलीकडची सिमेंटची घरकुले, भाद्रपद-आश्विनात भिंतींवर काळे-हिरवट डाग उमटतात आणि अंथरुणांना कुबट वास येऊ लागतो. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टी आणि गोदावरीचा पूर यांमुळे मराठवाड्यातील अनेक घरांत पाणी शिरले, तेव्हा ही समस्या अधिकच तीव्र झाली.

२०२० च्या करोना साथीनंतर हवा निर्जंतुक करणारी ओझोन यंत्रे बाजारात ठळकपणे दिसू लागली. बुरशीवरील उपाय म्हणूनही त्यांची जाहिरात केली जाते. अशा यंत्रावर शेतकरी कुटुंबाने पैसा खर्च करावा काय, या प्रश्नाचा येथे ऊहापोह केला आहे.

ओझोनचे गुणधर्म आणि मात्रेचा प्रश्न

ओझोन हा प्राणवायूच्या तीन अणूंचा रेणू असून १८४० मध्ये शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने तो ओळखला. यंत्रात उच्च दाबाच्या विद्युत्‌ विसर्गाने हवेतील प्राणवायूपासून तो तयार होतो. त्याचा तिसरा अणू सहज सुटा होऊन समोर येईल त्या पदार्थाचे ऑक्सिडीकरण करतो. पाण्याच्या निर्जंतुकीकरणात त्याची उपयुक्तता सिद्ध झालेली आहे. बाटलीबंद पाण्याच्या उद्योगात तो आजही वापरला जातो. यावरून तो घरातील हवेतही तितकाच गुणकारी असेल, असे अनुमान काढले जाते. ते चुकीचे आहे.

जो वायू बुरशीच्या पेशीचे आवरण फोडतो, तो माणसाच्या फुप्फुसाचे अस्तर वगळत नाही. भारतात २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या मानकानुसार बाहेरील हवेत आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ०.०५ भाग, ही ओझोनची मर्यादा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते, वायू निघून गेल्यावर सूक्ष्मजीव पुन्हा वाढू नयेत इतका परिणाम साधण्यासाठी आरोग्य मानकाच्या पाच ते दहा पट मात्रा लागेल. हे झाले हवेतील जीवांविषयी. भिंतीत रुजलेल्या बुरशीची गोष्ट याहून अवघड आहे. भिंतीसारख्या सच्छिद्र पदार्थात मुरलेल्या बुरशीवर तीव्र मात्रेचाही परिणाम होईलच असे नाही, कारण वायू पृष्ठभागावरच खर्ची पडतो आणि आतील तंतूंपर्यंत पोहोचत नाही. दहा लाखांत पाच भाग ही मात्रा माणसाच्या जीवितास तत्काळ धोकादायक मानली जाते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

थोडक्यात, घरात माणसे असताना चालेल इतका ओझोन बुरशीला पुरत नाही. बुरशीला पुरेल इतका सोडायचा तर घर रिकामे करून बंद करावे लागते. दोन खोल्यांत नांदणारे कुटुंब, दमेकरी आजी आणि लहान मुले घेऊन, कोठे जाणार? पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधील फटी कशा बुजवणार? शिवाय मेलेल्या बुरशीचे बीजाणूही श्वासावाटे गेल्यास त्रास देऊ शकतात, म्हणून ती पुसून काढावीच लागते.

वास गेला म्हणजे बुरशी गेली, हा समजही फसवा आहे. ओझोन वासाच्या रेणूंशी संयोग पावतो, तसेच घ्राणेंद्रियही काही काळ बधिर करतो. जालन्याच्या मोसंबीच्या सालीला जो सुगंध असतो, तो मुख्यतः लिमोनीन या द्रव्याचा. सुगंधी फरशी-पुसणीतही ते असते. ओझोनशी त्याचा संयोग झाला की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण निर्माण होतात. मोसंबीची रास असलेल्या खोलीत हे यंत्र लावणे म्हणजे नवे प्रदूषण ओढवून घेणे होय.

ओल, लोणा आणि कापूस

बुरशीचे मूळ हवेत नसून ओलीत आहे. काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि ते पायातून भिंतीत चढते. येथे एक गल्लत टाळावी : भिंतीवरची पांढरी भुकटी बहुधा लोणा, म्हणजे क्षार, असतो. तो पाण्यात विरघळतो. बुरशी विरघळत नाही. दोहोंचे कारण मात्र एकच असल्याने पन्हाळीचे पाणी भिंतीपासून दूर नेणे आणि पायालगतची गटारी उताराने काढणे, हे पहिले काम ठरते.

दुसरे कारण या भागाच्या शेतीत आहे. भाव मिळेपर्यंत कापूस राहत्या घरातच रचला जातो. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेला कापूस झोपण्याच्या खोलीत रचला, तर बुरशी पिकात आणि माणसाच्या श्वासात एकाच वेळी शिरते. सरकारी खरेदीत कापसातील ओलावा बारा टक्क्यांपर्यंतच स्वीकारला जातो. म्हणून तो उन्हात वाळवूनच आत घेण्यात आर्थिक हितही आहे. रास भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून फळ्यांवर उचलून ठेवावी.

भिंतीवरील डाग नाकातोंडाला फडके बांधून, साबणाच्या पाण्याने ओले करून खरवडावेत; कोरडे झाडल्यास बीजाणू घरभर उडतात. भिजून बुरसटलेली गादी शक्यतो टाकून द्यावी. भिंत पूर्ण वाळल्यानंतर चुन्याचा हात द्यावा. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहसा धरत नाही. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा हा गुण हळूहळू ओसरतो. पावसाळा संपल्यावर, दिवाळीपूर्वी, दरवर्षी घर सारवण्या-रंगवण्याच्या प्रथेला हा रासायनिक आधार आहे.