मुक्या मापकाचे कोडे
उल्हास नदीकाठच्या मोहन्यासारख्या वस्तीत बसवलेला एखादा बिनतारी जलमापक बॅटरी बदलताच एकाएकी मुका झाला, तर दोष बहुधा लहरींचा नसून हिशेबाचा असतो. असा मापक ज्यावर चालू शकतो त्या आयईईई ८०२.१५.४ या २००३ सालच्या बिनतारी मानकानुसार जास्तीत जास्त १२७ बाइटांचा संदेश १२८ बिटांच्या किल्लीने कुलूपबंद करता येतो, आणि जुनाच संदेश कोणी लबाडीने पुन्हा धाडू नये म्हणून त्यावर चढता क्रमांक पडतो. बॅटरी काढल्याने स्मृती पुसलेला मापक शून्यापासून मोजू लागला, की केंद्रातील यंत्र, जावक क्रमांकाबाबत काटेकोर असणाऱ्या कारकुनाप्रमाणे, किल्ली बरोबर असूनही संदेश निमूटपणे नामंजूर करते. सुरक्षाच बंद ठेवण्याचा सोपा उपाय मला घातक वाटतो. त्याऐवजी दोन्हीकडची किल्ली व सुरक्षापातळी ताडून क्रमांक कायम स्मृतीत जतन करावा. एकाच किल्लीखाली तो पुन्हा वापरल्यास गुप्तताच भंगते.