फोटोतला हा कोण? चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची कंग्राळीत झालेली परीक्षा

कंग्राळी : प्रतिनिधी

आज मोबाईलमध्ये नातवाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्याचे बारशापासूनचे सगळे फोटो रांगेनं समोर येतात. लग्नाच्या हॉलवर क्यूआर कोड लावलेला असतो. पाहुण्यानं तो स्कॅन करून सेल्फी दिली, की फोटोग्राफरनं काढलेल्या ढिगातून फक्त त्याचे फोटो त्याला मिळतात. हे सगळं इतकं सवयीचं झालंय की, ते कसं चालतं आणि कुठं चुकतं हे कुणी विचारत नाही. पण घराघरातल्या ट्रंकेत पडलेले जुने फोटो आता मोबाईलवर चढू लागलेत. त्यामुळे हा प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

मला तो पहिल्यांदा पडला २००९ च्या अखेरीस. गावातल्या एका मंडळाला स्मरणिका काढायची होती. शिवजयंतीचे चित्ररथ, गणपती, तालमीतले पैलवान, गावची यात्रा, सीमाप्रश्नाच्या फेऱ्या असे फोटो बरेच होते, पण विखुरलेले. काही पत्र्याच्या पेटीत, काही सीडीवर, काही कुणाच्या तरी कॅमेऱ्याच्या कार्डात. मी बी. कॉम., हिशेब लिहायला घरी कॉम्प्युटर ठेवलेला. त्यामुळे सगळ्या पिशव्या माझ्याकडं आल्या.

त्याच वर्षी घरगुती कॉम्प्युटरवर चेहरे ओळखणारी सॉफ्टवेअर नव्यानं आली होती. अॅपलनं जानेवारी २००९ मध्ये आयफोटोत ‘फेसेस’ ही सोय जाहीर केली. गुगलनं सप्टेंबर २००८ मध्ये पिकासाच्या वेब अल्बममध्ये आणि वर्षभरानं पिकासा ३.५ मध्ये चेहऱ्यांना नाव द्यायची सोय दिली. त्याच्याही आधी, २००६ मध्ये, मुंजाल शाह या भारतीय वंशाच्या उद्योजकाच्या ‘रिया’ या अमेरिकन कंपनीनं हाच प्रयोग लोकांसाठी खुला केला होता. पुढं त्या कंपनीनं फोटो सोडून खरेदीच्या वस्तू शोधण्याचा धंदा धरला आणि २०१० मध्ये गुगलनंच ती विकत घेतली.

मी एक सॉफ्टवेअर घेतलं, स्कॅन केलेले सगळे फोटो त्याच्यापुढं टाकले आणि रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवला. मध्ये लाईट गेली, सकाळी परत लावावं लागलं.

गणपतीलाही खातं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर चेहऱ्यांचे छोटे छोटे चौकोन दिसू लागले. पोरं गोळा झाली. पहिली गंमत म्हणजे त्यानं गणपतीच्या मूर्तीजवळच्या देखाव्यातल्या पुतळ्यांना माणसं धरलं होतं. भिंतीवर हार घातलेल्या तसबिरीतले आजोबा, निवडणुकीच्या फलकावरचे नेते, टी-शर्टवरचा नट, सगळे चौकोनात.

दुसरी गंमत फेट्यांची. मिरवणुकीत एकसारखे फेटे बांधलेली चार माणसं त्यानं एकच ठरवली. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आणि तोच मुलगा कॉलेजच्या फोटोत, हे मात्र दोन वेगळे. गुलालानं माखलेल्या तोंडांचं तर त्यानं नावच सोडलं. दोन सख्ख्या भावांचे फोटो त्यानं असे मिसळले की आईलाही हसू आलं.

तरी पण काम बरंच झालं होतं. समोरून, उजेडात काढलेले चेहरे त्यानं बऱ्यापैकी एकत्र आणले होते. मी एकेका गठ्ठ्याला नाव देत गेलो, की ते विचारायचं, ‘हाही तोच का?’ हो किंवा नाही म्हणत गेलो तसतसं ते सुधारत गेलं.

आत नेमकं काय चालतं?

मशीनला माणूस कळत नाही, आकडे कळतात. काम तीन पायऱ्यांनी होतं.

पहिली पायरी, फोटोत चेहरा कुठं आहे ते शोधणं. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स या दोघांनी २००१ मध्ये याची वेगवान पद्धत मांडली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळपट असतो, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ असतो. अशा उजेड-सावलीच्या चौकटी फोटोभर फिरवून बघायच्या. जिथं बऱ्याच जुळतात तिथं चेहरा. पुतळ्यालाही नाक-डोळे असतात, म्हणून तोही सापडतो. आणि मान वळवलेला माणूस सुटतो.

दुसरी पायरी, चेहऱ्याचे आकडे करणं. १९६० च्या दशकात अमेरिकेत वुडी ब्लेडसो यांनी डोळ्यांचे कोपरे, ओठ यांच्या जागा माणसाकडून नोंदवून घेऊन अंतरं मोजली. १९७३ मध्ये जपानच्या ताकेओ कानादे यांनी हे मोजमाप कॉम्प्युटरकडूनच करून घेतलं. १९९१ मध्ये मॅथ्यू टर्क आणि अॅलेक्स पेंटलंड यांनी अख्ख्या चेहऱ्याच्या उजेड-सावलीवरून आकडे काढायची रीत दाखवली. या रीतीत उजेड बदलला की आकडेही बदलतात. सकाळचा आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडातला एकच माणूस वेगळा दिसतो, तो त्यामुळंच.

तिसरी पायरी, दोन चेहऱ्यांच्या आकड्यांत अंतर किती ते बघणं. ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर एकच माणूस, बाहेर असेल तर वेगळा. मर्यादा सैल ठेवली तर भाऊ-भाऊ एक होतात. घट्ट केली तर एकाच माणसाची पाच माणसं होतात. दोन्ही चुका एकदम शून्य करता येत नाहीत.

रोजकीर्द आणि खतावणी

हिशेब लिहिणाऱ्याला हे चटकन कळेल. कॅमेऱ्यातले फोटो ही रोजकीर्द आहे. ज्या तारखेला जे घडलं ते त्या क्रमानं. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर त्याची खतावणी करतं, म्हणजे प्रत्येक माणसाचं वेगळं खातं उघडून त्याच्या नोंदी तिथं नेतं. ज्यांची ओळख पटत नाही ते राहतात उचंत खात्यात.

आणि खतावणीतला जुना धोका इथंही आहे. रामाच्या खात्यातली रक्कम शामाच्या खात्यात गेली तरी तेरीज जुळते. बेरीज बरोबर म्हणून हिशेब बरोबर, असं होत नाही. सॉफ्टवेअरनं सगळे फोटो कुठल्या ना कुठल्या नावाखाली टाकले म्हणजे ते ओळखले गेले, असंही नाही. प्रत्येक खातं उघडून बघावं लागतं.

उचंत खात्यातले लोक

आमचं उचंत खातं मोठं होतं. त्यात बहुतेक १९५०-६० च्या दशकातले काळे-पांढरे फोटो. मी कॉम्प्युटर घेऊन गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांकडं गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ‘काय करालास रे हे?’ मी सांगितलं. ते चेहऱ्याचा चौकोन बघेनातच. ‘अख्खा फोटो दाव की,’ म्हणाले.

अख्खा फोटो दाखवला आणि ते सांगू लागले. हा उभा राहिलाय तो अमक्या घरातला, त्याचा एक खांदा खाली असायचा. हा सदरा त्याच्या मामानं मुंबईहून आणला होता. ही मागची भिंत आता पडली. जो माणूस कॅमेऱ्याकडं बघतच नव्हता, ज्याला सॉफ्टवेअरनं चेहराच मानलं नव्हतं, त्याचंही नाव त्यांनी सांगितलं. उभं राहण्याच्या ढंगावरून.

तीन संध्याकाळी मी त्यांच्याकडं बसलो. मग स्मरणिकेची छपाई जवळ आली, उरलेलं नंतर बघू म्हणून उठलो. पुढच्या पावसाळ्यात आजोबा गेले. उरलेले चेहरे आजही माझ्याकडं उचंत खात्यातच आहेत. मशीन आता कितीतरी हुशार झालं, पण त्या चेहऱ्यांची नावं त्याला सांगणार कोण? सॉफ्टवेअर गठ्ठा करतं, नाव माणूसच देतो.

मशीन सुधारलं, पण कुणासाठी?

२०१२ नंतर डीप लर्निंगनं चित्र पालटलं. मशीनला लाखो चेहरे दाखवून फरक काय बघायचा ते त्यालाच शिकू दिलं. २०१४ मध्ये फेसबुकच्या ‘डीपफेस’नं एका ठरलेल्या चाचणीत ९७.३५ टक्के अचूकता गाठली. २०१५ मध्ये गुगलच्या ‘फेसनेट’नं एक चेहरा अवघ्या १२८ आकड्यांत मांडून त्याच चाचणीत ९९.६३ टक्के गाठले. त्याच वर्षी मे महिन्यात गुगल फोटोज आलं आणि मार्च २०१६ मध्ये पिकासाची मदत बंद झाली.

पण ती चाचणी बातम्यांमधल्या, मुख्यतः प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंवरची होती. पेटीत ओल लागलेल्या फोटोंवरची नव्हे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त चूक ०.८ टक्के, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. शिकवताना जे चेहरे जास्त दाखवले तेच मशीनला नीट कळतात. उन्हात रापलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या आपल्या आज्या त्या शिकवणीत किती होत्या, हा प्रश्न आपणच विचारायचा.

‘ही तर हजेरी झाली की’

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मंडळाच्या फोटोंत १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेऱ्या होत्या, १७ जानेवारीला हुतात्मा चौकात अभिवादनाला जमलेले लोक होते, १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाजवळचे फोटो होते. सॉफ्टवेअरनं त्यांचीही खतावणी केली. एका नावावर टिचकी मारली की तो माणूस कुठल्या वर्षी कुठल्या फेरीत होता, कुणाच्या शेजारी चालत होता, सगळं समोर.

पोरांना मजा वाटली. एक जुने कार्यकर्ते मागं उभे होते. ते एवढंच म्हणाले, ‘अरे, ही तर हजेरी झाली की!’

त्यात नोकरदार होते, शिक्षक होते, ज्यांच्यावर कधीकाळी केसेस झाल्या ते होते. फोटो काढून घेताना त्यांनी मंडळाच्या आठवणीसाठी काढून घेतला होता, यादीसाठी नाही. आम्ही त्या फोल्डरमधली सगळी नावं त्याच रात्री पुसली. फोटो ठेवले, खाती बंद केली.

ती भीती फाजील नव्हती, हे पुढं दिसलं. हेच तंत्र चांगल्या कामालाही येतं. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी चार दिवसांत सुमारे तीन हजार हरवलेली मुलं यातून ओळखल्याची माहिती पुढं आली. पण परवानगी न घेता चेहऱ्याची नोंद केल्याच्या दाव्यात फेसबुकला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ६५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी आपली चेहरा ओळखण्याची सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडं ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो खटला लढणारे के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. घरगुती वापराला त्यातून सूट आहे. म्हणजे घरचा अल्बम तुमचा तुम्ही लावा. पण मंडळ, स्टुडिओ किंवा संस्था लोकांचे चेहरे नावानिशी साठवत असेल तर तो घरगुती वापर आहे असं गृहीत धरू नये.

जुने फोटो चढवणार असाल तर

१. आधी माणसं, मग मशीन. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापुढं फोटो ठेवा आणि ते सांगतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नाव लिहा, बॉलपेन नको.

२. सगळे फोटो एकदम टाकू नका. ज्यातली माणसं तुम्हाला पक्की माहीत आहेत असे थोडे फोटो आधी टाका. कुठं चुकतंय ते कळलं की पुढं विश्वास किती ठेवायचा ते कळतं.

३. भाऊ, बहिणी, बाप-लेक यांची खाती हातानं तपासा. बालपणीचा आणि मोठेपणीचा गठ्ठा स्वतः एकत्र करा.

४. फोटो बाहेर पाठवायचे नसतील तर आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारं डिजिकॅमसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे. गुगल फोटोजमध्ये सारखे चेहरे एकत्र करण्याची सोय सेटिंगमधून बंद करता येते.

५. मोर्चा, फेरी, सभा यांचे फोटो वेगळे ठेवा. त्यांना नावं लावण्याआधी त्या माणसाला विचारा.

सीमेच्या या बाजूची आणि त्या बाजूची घरं एकच आहेत. कंग्राळीच्या फोटोतली लेक चंदगडला दिलेली असते, निपाणीचा भाऊ पुण्यात असतो. आपल्या पेटीतल्या अनोळखी माणसाचं नाव दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या आत्याला तोंडपाठ असू शकतं. फोटो तिला दाखवा. नंतर बघू म्हणून उठू नका.