मणक्याची इजा : स्क्रू केव्हा आवश्यक?

झाडावरून पडून मणका मोडला की धातूचे स्क्रू बसवावेच लागतात, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. मणका स्थिर असून मज्जारज्जू सुरक्षित असल्यास विश्रांती व पट्टा बहुधा पुरेसा ठरतो. मणके सरकले असल्यास किंवा पायांतील शक्ती जात असल्यास स्क्रू व सळ्यांनी कणा स्थिर करावा, असे बहुतेक शल्यचिकित्सकांचे मत आहे. या दोहोंमधील रुग्णांविषयी मतभेद आहेत.

रुग्णाच्या हाताळणीविषयी मात्र दुमत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा तालुक्यांच्या दुर्गम पाड्यांवरून रुग्णास अनेकदा बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. झोळीत कणा वाकतो व मज्जारज्जूस अधिक इजा पोहोचू शकते. यास्तव मान व पाठ सरळ ठेवून रुग्णास सपाट फळीवर न्यावे. अशी फळी ग्रामपंचायतीत सदैव सिद्ध असावी.