यूएसबी आणि लॅन एकाच बोर्डवर? ट्रॅक जपून ओढा!

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी बोर्ड डिझाइन करताय? त्यावर यूएसबी हवंय आणि लॅनही? मग आधी एखादा रास्पबेरी पाय २ किंवा ३ हातात घ्या. लॅबच्या कपाटात धूळ खात पडलेला असेलच!

यूएसबी सॉकेटच्या जवळ लॅन९५१४ ही चिप दिसेल. चार यूएसबी पोर्ट आणि इथरनेट, सगळा कारभार तिच्याकडे. प्रोसेसरपर्यंत जायला मात्र तिला यूएसबी २.० ची एकच वाट, ४८० मेगाबिट प्रति सेकंदाची. पेनड्राइव्हवरची फाइल नेटवर्कवर पाठवली की तोच डेटा या वाटेवरून दोनदा जातो. २०१९ च्या पाय ४ मध्ये इथरनेटला वेगळी वाट मिळाली, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली. तरी सेन्सरचे चार आकडे पाठवायला अशी चिप झकास.

खरी डोकेदुखी ट्रॅकची. यूएसबीच्या दोन डेटा लाइन म्हणजे जोडी, तिचा डिफरन्शियल इम्पीडन्स ९० ओहम हवा. इथरनेटच्या जोड्यांचा १०० ओहम. तो ठरतो ट्रॅकची रुंदी, दोघांमधलं अंतर आणि खालचं ग्राउंड किती जवळ आहे यावर. कीकॅड फुकट आहे, त्यातच कॅल्क्युलेटर आहे. अंदाजपंचे ट्रॅक ओढू नका. दोन लेअरच्या १.६ मिलिमीटर बोर्डवर ग्राउंड लांब पडतं, त्यामुळे हे गणित जमवणं अवघड. वर्गणी काढा, पण चार लेअरचा बोर्ड घ्या.

आणि जोडीच्या खालचं ग्राउंड मधेच कापू नका. सिग्नलचा करंट परत येतो तो ट्रॅकच्या अगदी खालून. तिथे फट असली की तो वळसा घेतो आणि तुमचा बोर्ड चक्क अँटेना होतो. मल्टिमीटर बीप देत राहतो, सगळं जोडलेलं दिसतं, आणि एक्स्टर्नलसमोर पेनड्राइव्ह मधेच गायब!

इथरनेटच्या ट्रान्सफॉर्मरखाली मात्र उलटा नियम: तिथलं ग्राउंड सहसा काढूनच टाकतात, नाहीतर बोर्डवरचा नॉइज केबलपर्यंत पोचतो. ट्रान्सफॉर्मर आतच असलेला लॅन जॅक मिळतो, तो घेतलात तर बरीच कटकट वाचेल. फक्त पिनांची रचना मॉडेलगणिक बदलते. म्हणून ऑर्डर टाकण्याआधी डिझाइनची मूळ मापात प्रिंट काढा आणि खरा जॅक त्या कागदावर ठेवून बघा.