सगळ्या फिती सारख्याच, तरी घोटाळा नाही!

चेन्नईतल्या पेरुंगुडीला लागूनच पळ्ळिकरणैची भलीमोठी पाणथळ आहे. २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा मान मिळाला. जगानं जपायच्या पाणथळींमध्ये तिचं नाव गेलं! तिथं फ्लेमिंगो येतात. उभा असताना पांढरा-गुलाबी दिसणारा हा पक्षी उडाला की बघ. पंखांची किनार काळीकुट्ट!

गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो. आणि काळा? तो अंगातच तयार होतो, तुझ्या केसांतल्यासारखा! त्याचं नाव मेलॅनिन.

आपलं शरीर इवल्या इवल्या पेशींचं बनलेलं असतं. त्यातल्या रंग करणाऱ्या पेशी मेलॅनिन चिमुकल्या पिशव्यांत भरतात. या पिशव्या पेशीच्या कडेला न्यायच्या, तिथून केसात किंवा पिसात. पण पेशीत इतरही पिशव्या असतात की! कुणात टाकाऊ माल, कुणात बाहेरून आलेला. मग रंगाचीच नेमकी कशी उचलायची?

शाळेची सहल आठव. सगळ्यांच्या बॅगा एकसारख्या. बाई काय करतात? बॅगेला फीत बांधतात!

पेशीतली फीत म्हणजे रॅब नावाचं छोटंसं प्रथिन. (पेशीतली बहुतेक कामं प्रथिनंच करतात बरं का!) माणसात रॅबचे साठाहून जास्त प्रकार आहेत. रंगाच्या पिशवीवर असतो रॅब-२७ए.

आणि गंमत म्हणजे, सगळे रॅब दिसायला जवळजवळ भावंडं! मग घोटाळा का होत नाही?

कारण फीत कुणीही, कुठंही बांधत नाही. बांधणारं प्रथिन ठरलेलं, जागाही ठरलेली. फीत बांधली की तिची गाठ दिसते, आणि प्रत्येक रॅबची गाठ किंचित निराळी! ती ओळखणारेही ठरलेले. काम झालं की फीत सुटते, पुन्हा वापरायला तयार.

रॅब-२७एची गाठ ओळखतं मेलॅनोफिलिन. एका हातानं ते गाठ पकडतं, दुसऱ्या हातानं हमालाला! हा हमाल म्हणजे मायोसिन-५ए. तो चक्क दोन पायांवर चालतो! एक पाऊल साधारण ३६ नॅनोमीटरचं. एका मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केलेस, तर एक तुकडा म्हणजे एक नॅनोमीटर!

आता ओळख पाहू, मेलॅनोफिलिन नसेल तर? हमालाला फीत ओळखताच येत नाही. पिशव्या तिथंच!

शास्त्रज्ञांकडे राखाडी उंदरांचे तीन वाण होते. एकात फीत बिघडलेली, दुसऱ्यात गाठ ओळखणारा, तिसऱ्यात हमाल. बिघाड तीन, पण तिघंही राखाडीच! त्यांच्यात रंग कमी नव्हता हं. भरपूर होता, पण पेशीच्या मधोमध गोळा होऊन बसलेला.

कोंबड्यांतही हेच होतं. प्रथिन म्हणजे जणू मण्यांची लांब साखळी. मेलॅनोफिलिनच्या साखळीतला एकच मणी बदलतो, आणि काळी व्हायची ती कोंबडी होते फिकट निळसर-राखाडी!